डोंगर दरवर्षी का पेटतो? वणव्याचं गणित, सोप्या भाषेत

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या रांगांवर रात्री आगीच्या रेघा दिसू लागतात. कात्रजच्या घाटातून जाणारा थांबून व्हिडिओ काढतो, साताऱ्यातला माणूस गच्चीवरून अजिंक्यताऱ्याकडे बघत हळहळतो, गडचिरोलीत आणि गोंदियात धुराच्या वासाने पहाट होते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'वणव्यात डोंगर खाक' अशी बातमी येते आणि तिच्याखाली दरवर्षीचेच प्रश्न येतात. कोण लावतं ही आग? आपोआप लागते का? वनखातं काय करतं? हेलिकॉप्टर का पाठवत नाहीत?

हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना उत्तरंही आहेत. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वणवा पेटल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं. मार्चमधल्या दुपारी किती डोंगर जळणार, हे बहुतांशी आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठरलेलं असतं. वाळतं गवत तेव्हा कुणी कापून नेलं का, आग अडवणारे मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, निघाल्या का, रानात जाणाऱ्यांशी कुणी बोललं का, यावर ते ठरतं. आपली सगळी चर्चा मात्र मार्चमध्ये सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर संपते.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्राला वारंवार आगीचा धोका आहे. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या एका हंगामात उपग्रहांनी देशभरातल्या जंगलांत दोन लाखांहून जास्त ठिकाणी आग टिपली.

आग पेटते कशी, पसरते कशी

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि पेटण्यापुरती उष्णता. यातली एक काढून घेतली की आग विझते. रानात हवा काढून घेता येत नाही आणि उन्हाळ्याची उष्णताही आपल्या हातात नाही. उरतं ते जळण. वणव्याचं सगळं व्यवस्थापन शेवटी जळणाचं व्यवस्थापन आहे.

चूल पेटवलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. ओंडक्याला काडी लावून तो पेटत नाही. आधी चिपाडं, मग काटक्या, मग लाकूड. जळण जितकं बारीक, तितकं ते लवकर वाळतं आणि लवकर पेटतं. वाळकं गवत म्हणजे ही चिपाडं, आणि ती आख्ख्या डोंगरावर उभी पसरलेली असतात. मेलेलं गवत हवेतला ओलावा झटकन घेतं आणि झटकन सोडतं. पहाटे दवाने भिजलेलं कुसळीचं गवत दुपारी एकच्या उन्हात कुरकुरीत झालेलं असतं. म्हणून वणवे दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान भडकतात आणि रात्री हवा गार व दमट झाली की मंदावतात. आग विझवायला सर्वांत चांगली वेळ रात्र आणि पहाट, ती याचमुळे.

दोन गोष्टी आगीला पळवतात. एक वारा आणि दुसरा चढ. ज्वाळा वर जाते. चढावर तिच्या पुढचं गवत तिच्या अगदी जवळ येतं आणि पेटण्याआधीच भाजून सुकतं. ढोबळ हिशेब असा, की उतार दर दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणजे सपाट माळापेक्षा वीस अंशांच्या चढावर तो चौपट. सह्याद्रीत याहून तीव्र उतार जागोजाग आहेत. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं अशाच गवताळ उतारावर आगीत सापडली आणि २३ जणांचा जीव गेला. आपल्याकडे उन्हाळ्यात गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, की खालून आग येत असताना वर पळणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. आगीच्या वाटेतून आडवं बाहेर पडावं आणि जिथलं गवत आधीच जळून गेलंय त्या काळ्या जागेकडे किंवा उघड्या कातळाकडे जावं.

पाऊस चांगला झाला, तरी वणवे जास्त का?

दुष्काळात आग जास्त, हे दाट जंगलाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. एरवी दमट राहणारा पाचोळा तेव्हा वाळतो. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास ठिकठिकाणी आगी लागल्या, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं उतरवावी लागली. त्याआधीचा फेब्रुवारी देशभरात विक्रमी उष्ण होता.

गवताळ डोंगरांचं मात्र उलटं आहे. तिथे उन्हाळ्यात वाळायचं ते दरवर्षी वाळतंच. प्रश्न असतो गवत किती उभं आहे याचा. पाऊस भरपूर झाला की गवत कमरेएवढं वाढतं आणि पुढच्या फेब्रुवारीत तेवढं जळण डोंगरावर तयार असतं.

त्यात एक नवी भर पडली आहे. पूर्वी घाटमाथ्यावर घरटी जनावरं होती. दसरा-दिवाळीनंतर लोक डोंगरावर जाऊन गवत कापत, भारे बांधत, वर्षाची गंजी रचत. आता जनावरं कमी झाली, तरणी माणसं पुण्या-मुंबईला गेली, गवत कापायला मजूर परवडत नाही. कापलं न गेलेलं हे गवत कुठे जाणार? त्यातच कोकण-सह्याद्रीत रानमोडी आणि इतरत्र घाणेरी या बाहेरून आलेल्या झुडपांनी मोकळ्या जागा व्यापल्या आहेत. रानमोडीच्या वाळक्या काड्या माणसापेक्षा उंच असतात आणि गवताला लागलेली आग त्यांच्यावरून झाडांच्या फांद्यांपर्यंत चढू शकते.

काडी कोण लावतं?

आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसामुळे लागतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण 'समाजकंटक' म्हणून विषय संपवला की पुढचं काहीच दिसत नाही. काडी लावणाऱ्या बहुतेकांकडे कारण असतं, आणि ते कारण समजून घेतल्याशिवाय वणवा थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोकणात आणि मावळ-मुळशीसारख्या भातपट्ट्यात राब भाजतात. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे टाकायचा, तिथे आधी शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, त्यावर पाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने काडी. वरच्या मातीमुळे राब भडकत नाही, तासन्‌तास धुमसत राहतो आणि त्या उष्णतेने तणाचं बी मरतं. कसलेला शेतकरी सकाळी, वारा पडलेला असताना, आजूबाजूचं गवत काढून आणि शेजाऱ्याला हाताशी घेऊन राब भाजतो. त्याच्या राबाने डोंगर पेटत नाही. घोटाळा होतो तो घाईचा. घरी एकटा म्हातारा माणूस, कडा साफ केलेली नाही, दुपारची वेळ, अचानक सुटलेला वारा. बांधावरचं गवत धरतं, त्यावरून आग वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत आणि तिथून डोंगरात. वाटेत कुणाची तरी काजूची नाहीतर हापूसची बाग सापडते. काजू लागायचा हंगामही नेमका तोच. पाच-सात वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी होरपळतात.

यावर उपाय आहेत. गादीवाफ्यावर रोपं करता येतात. नेरळहून प्रसार झालेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिकाच लागत नाही, टोकणणी करून भात घेतात, त्यामुळे राबाची गरजच संपते. पण शेतकऱ्याने पद्धत बदलावी तर पहिल्या वर्षी तणाचं काय करायचं हे त्याच्या शेतात येऊन सांगणारं कुणीतरी लागतं. 'राब भाजू नका' एवढा फलक लावून भागत नाही.

विदर्भातलं चित्र वेगळं आहे. तिथे जळतो तो मुख्यतः पाचोळा, आणि त्यामागे दोन वनोपजं आहेत. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. मळकट पिवळी, बोराएवढी, रसाळ फुलं वाळक्या पानांच्या ढिगात दिसत नाहीत आणि एकेक वेचायची म्हटली तर अख्खा दिवस जातो. म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन साफ करतात. आग पूर्ण विझली की नाही हे पाहायला कुणी थांबत नाही. झाडाखाली झाडून घेतलं तरी काम होतं, किंवा फांद्यांखाली जाळी बांधली तर फुलं मातीत पडतच नाहीत आणि स्वच्छ फुलांना भावही बरा मिळतो. गरीब घराला जाळीचा खर्च मात्र आधी करावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते.

दुसरं वनोपज तेंदूपान. विडीला कोवळं, मऊ, मोठं पान लागतं आणि जळालेल्या झुडपाला असं नवं पान जोमाने फुटतं. झुडपाची छाटणी केली तरी तसंच फुटतं, पण छाटणीला मजुरी पडते आणि काडीला काहीच पडत नाही. पानांचा हंगाम काही आठवड्यांचा, त्यात आदिवासी कुटुंबाची वर्षातली मोठी रोख कमाई. अशा ठिकाणी नुसती बंदी किती टिकणार?

पण मार्ग निघू शकतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने दाखवलं. २०१२ साली वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपान तोडायचंच नाही. त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आग लावावी लागते आणि आपलंच जंगल खराब होतं. उत्पन्नाचा आधार त्यांनी बांबूवर ठेवला. फांद्या राहिल्यामुळे तेंदूची फळं माणसांना आणि पाखरांना मिळू लागली, हा वरचा लाभ. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही, कारण प्रत्येकाकडे विकण्याइतका बांबू नसतो. पण जंगल आपलं आहे आणि पुढच्या वर्षीही त्यातूनच खायचं आहे, ही खात्री मिळाल्यावर गावाचा हिशेब बदलतो, हे इथे लख्ख दिसतं.

बाकीची कारणं थोडक्यात: मध काढणाऱ्यांनी टाकलेले पलिते, डुक्कर-सशाच्या शिकारीसाठी लावलेली आग, हद्दीवरून भांडण, रस्त्याकडेला फेकलेली विडी-सिगारेट, शहराजवळच्या टेकड्यांवर पेटवलेला कचरा, सहलीला गेलेल्यांनी न विझवलेली शेकोटी. शेवटच्या तीन कारणांना गरिबीचीही सबब नाही.

'फांद्या घासून आपोआप पेटतं ना?'

हा समज खूप खोल रुजलेला आहे. बांबूला बांबू घासून वणवा लागतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. वाऱ्याने घासणाऱ्या फांद्यांमध्ये पेट घेण्याइतकी उष्णता एका जागी टिकून राहणं फार अवघड आहे. निसर्गात आग लावणारं खरं कारण म्हणजे वीज. जगातल्या अनेक जंगलांत वीज पडूनच आगी लागतात. महाराष्ट्रात मात्र विजा बहुधा एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाबरोबर येतात आणि त्यांच्यासोबत पाऊसही येतो. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दुपारी डोंगर पेटला असेल, तर कारण माणसातच शोधावं. आगी गावाजवळ, रस्त्याकडेला, पायवाटांच्या आसपास सुरू होतात, यावरूनही तेच दिसतं.

'झाडं तर हिरवीच राहतात, मग नुकसान काय?'

कॅलिफोर्नियातल्या आगींची दृश्यं बघितलेल्यांना आपला वणवा किरकोळ वाटतो. तिथे आग शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा जमिनीलगत चालते, गुडघ्याएवढी किंवा कमरेएवढी. सागाची, पळसाची साल जाड असते. आग खालून निघून जाते, झाड उभं राहतं, पावसाळ्यात पालवी येते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

जळतात ती रोपं. वर्ष-दोन वर्षांची, बोटभर जाडीची. दरवर्षी आग आली की दरवर्षी त्यांचा वरचा भाग जळतो. सागासारखी काही झाडं मुळातून पुन्हा फुटत राहतात, पण त्यांनाही झाड व्हायला आगीविना सलग काही वर्षं लागतात. नाजूक जाती तर संपूनच जातात. अशा रानात मोठी झाडं दिसतात आणि त्यांची जागा घेणारी पुढची पिढी नसते. पन्नास वर्षांनी तिथे काय असेल, ते आजच्या हिरव्या शेंड्यांवरून कळत नाही. सह्याद्रीतल्या सदाहरित रायांची, देवरायांची अवस्था आणखी नाजूक आहे. तिथल्या झाडांची साल पातळ असते. गवतातून आलेली आग राईच्या कडेची झाडं मारते, मोकळ्या जागी ऊन पोचतं, गवत आत शिरतं आणि पुढच्या वर्षीची आग आणखी थोडी आत येते. राई अशी कडेकडेने खाल्ली जाते.

जमिनीवर घरटी करणारे टिटवी, चंडोल, तित्तर यांच्यातल्या अनेकांचा विणीचा काळ आणि वणव्याचा काळ एकमेकांवर येतो. मोठे प्राणी पळतात. अंडी, पिल्लं, कासवं, सरडे पळू शकत नाहीत.

मातीचं नुकसान तर जूनमध्ये कळतं. पाचोळा आणि गवत पावसाचा मारा अंगावर घेतात. ते गेलं की सह्याद्रीतला मृगाचा पाऊस उघड्या मातीवर कोसळतो आणि ओढे लाल होतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. उन्हाळ्यात गावाचं टाकं, झरे लवकर आटतात याचा संबंध या धुपलेल्या उतारांशीही आहे, कारण पाणी मुरवून धरणारा थरच तिथे उरलेला नसतो.

'जाळल्यावर गवत चांगलं फुटतं, हे खोटं आहे का?'

खोटं नाही. गुराख्यांचं हे निरीक्षण आहे आणि ते बरोबर आहे, म्हणूनच त्याला शांतपणे उत्तर द्यायला हवं. बहुवर्षायू गवताचा जीव मुळांत असतो. वरचं वाळकं पिंजर जळालं की ऊन थेट बुडख्याशी पोचतं, राखेतून पालाश मिळतं आणि मुळातल्या साठ्यावर कोवळी पाती फुटतात. ती पाती जनावरांना खरंच आवडतात आणि काही आठवडे पौष्टिकही असतात.

अडचण पुढची आहे. गवतातला नत्र आगीत वायू होऊन हवेत जातो, आणि उतारावरची राख पहिल्या पावसात वाहून जाते. मार्चमध्ये फुटलेली पाती मुळांचा साठा वापरतात आणि पाऊस तर जूनमध्ये येणार. ही पाती जनावरांनी लगेच खुडली की मुळं आणखी अशक्त होतात. दरवर्षी हे होत राहिलं की चवीचं गवत मागे पडतं आणि जनावर तोंड लावत नाही असं राठ, कुसळाचं गवत वाढतं. चार आठवड्यांच्या कोवळ्या चाऱ्यासाठी आपण चार महिन्यांचा वाळला चारा जाळतो, हाही साधा हिशेब आहे. तेच गवत नोव्हेंबरमध्ये कापून ठेवलं, तर उन्हाळ्यात विकत घ्यावा लागणारा कडबा तेवढा कमी लागतो.

तरीही आग सरसकट वाईट नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'आग म्हणजे पाप' ही भूमिकाही चुकीची आहे.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडचे माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, असा समज आहे. ते मुळातच गवताळ प्रदेश आहेत आणि लाखो वर्षं चराई, कोरडा हवामानकाळ आणि अधूनमधून येणारी आग यांच्यासोबत घडले आहेत. काझीरंगात वनखातं स्वतः दरवर्षी ठरवून गवताचे पट्टे जाळतं, नाहीतर झुडपं माजून गेंड्याचं कुरण संपेल.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांतली गोष्ट तर आपण नीट वाचली पाहिजे. तिथले सोलिगा आदिवासी हिवाळा संपता संपता, गवत-पाचोळा अर्धवट ओलसर असताना 'तरगु बेंकी' नावाची मंद आग लावत. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, पुढे ही आग बंद झाली. नंतरच्या दशकांत घाणेरीने जंगल भरून टाकलं, आवळ्यावर बांडगूळ वाढलं, आणि उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी या घाणेरीमुळे जास्त उग्र झाल्या. घाणेरी वाढायला इतर कारणंही आहेत, पण आगबंदी हे त्यातलं एक महत्त्वाचं, असं सोलिगा सांगतात आणि संशोधकांनीही ते गांभीर्याने घेतलं आहे. अमेरिकेनेही १९३५ पासून अनेक दशकं प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचं धोरण ठेवलं. पश्चिमेकडच्या कोरड्या जंगलांत त्यातून जळण साठत गेलं आणि पुढच्या आगी आवाक्याबाहेर गेल्या. आता तिथे पुन्हा ठरवून आग लावायला शिकवतात.

मग आपल्या डोंगराचं काय? आग कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, किती वर्षांनी आणि कुणाच्या देखरेखीखाली, यावर सगळं अवलंबून आहे. जानेवारीत सकाळी, दहा माणसं हजर असताना जाळलेला पट्टा वेगळा. मार्चमध्ये दुपारी कुणीतरी पेटवून निघून गेलेला डोंगर वेगळा. सह्याद्रीत आज होतंय ते दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि तेही एकाच उतारावर वर्षानुवर्षं. सदाहरित राईत तर कुठलीच आग नको.

उपग्रहाला आग दिसते, मग लगेच का विझत नाही?

आगीचा ठिपका उपग्रह उष्णतेवरून ओळखतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था, देहरादून, २००४ पासून ही माहिती राज्यांना देते. आता वापरात असलेल्या एका प्रमुख संवेदकाचा एकेक चौकोन ३७५ मीटरचा असतो. त्या चौकोनात कुठेतरी आग आहे, एवढं कळतं. तो ठिपका वनखात्याच्या बीटच्या, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीच्या, नकाशावर टाकून संबंधित वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश जातो. शेतात पेटवलेलं उसाचं पाचट जंगलाच्या हद्दीबाहेर असल्यामुळे गाळलं जातं.

ही सोय फार मोलाची आहे, पण तिची मर्यादा ओळखायला हवी. असा उपग्रह आपल्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो, साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी तीनला पेटलेलं गवत सातपर्यंत डोंगर संपवून विझलेलं असतं. त्याचा संदेश कुणालाच येत नाही. गवताच्या आगीत आजही सर्वांत जलद सूचना डोंगराखालच्या माणसाच्या फोनवरूनच येते. वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर सामान्य नागरिकालाही आपल्या भागाच्या सूचनांसाठी नाव नोंदवता येतं, हे फार जणांना माहीत नसतं.

हेलिकॉप्टर का पाठवत नाहीत?

उत्तराखंडात एप्रिल २०२४ मध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालचं पाणी उचलून नैनितालच्या जंगलात ओतलं. अशा बादलीत काही हजार लिटर पाणी मावतं. हेलिकॉप्टर येईपर्यंत गवताची आग डोंगराच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते, आणि मैलभर पसरलेल्या रेघेवर ते पाणी फारच थोड्या जागेला पुरतं. दिवसेंदिवस धुमसणाऱ्या दाट जंगलात, माणूस पोचू शकत नाही अशा कड्यावर त्याचा उपयोग आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक वणव्यांत नाही.

आपल्याकडे आग विझवतात ती माणसं. हिरव्या डहाळ्यांनी आगीच्या कडेवर झोडपत, जळतं गवत आतल्या काळ्या भागाकडे लोटत. समोरून नाही, मागून आणि बाजूंनी. आग फार मोठी असेल तर पुढे जाऊन एखाद्या वाटेच्या किंवा ओढ्याच्या आधाराने मधला पट्टा आपणच जाळायचा, म्हणजे येणाऱ्या आगीला काही उरत नाही. हे काम जाणकारानेच करायचं. यातला धोका खरा आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना तीन वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. अनेक ठिकाणी ही माणसं हंगामापुरती, रोजंदारीवर, साध्या कपड्यांत आगीपुढे उभी असतात. जाड सुती कपडे, चांगले बूट, पाणी आणि विमा एवढं तरी त्यांना मिळायलाच हवं. वणव्याच्या बातम्यांत जळालेल्या हेक्टरांचा आकडा असतो, या माणसांचा उल्लेख नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मग नोव्हेंबरपासून करायचं काय?

पहिलं काम जाळरेषेचं. जाळरेषा म्हणजे जंगलाचे तुकडे करणारा, जळण काढून टाकलेला पट्टा, साधारण सहा ते बारा मीटर रुंद. पावसाळा संपला की दोन्ही कडांचं गवत कापायचं, ते वाळू द्यायचं आणि वारा नसताना मधला पट्टा जाळून मोकळा करायचा. महाराष्ट्रात वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी हे पूर्ण व्हायला हवं. विदर्भात एक वेगळी पंचाईत होते. साग आणि इतर झाडांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्येही चालूच असते, त्यामुळे साफ केलेल्या रेषेवर पंधरा दिवसांत पुन्हा पाचोळा साठतो. म्हणून मेळघाटासह अनेक ठिकाणी पाठीवर अडकवायची ब्लोअर यंत्रं आली. एक माणूस वाऱ्याच्या झोताने पाचोळा बाजूला सारत भराभर रेषा साफ करत जातो, आणि गरज पडली तर त्याच यंत्राने लहान आगीची कडही मागे लोटतो.

दुसरं काम गवत कापून नेण्याचं. वनखात्याच्या आणि गावाच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या कागदावर हजारो गावांत आहेत. त्यांनी ऑक्टोबरअखेर गवत कापायला मोकळीक आणि थोडी वाहतूक मदत दिली, तर चारा आणि वणव्यापासून राखण ही दोन्ही कामं एकदम होतात. वृक्षारोपण करणाऱ्या मंडळींनाही माझी कळकळीची विनंती आहे. जुलैमध्ये रोपं लावून फोटो काढलेत, तर नोव्हेंबरमध्ये त्याच टेकडीवर विळे घेऊन परत जा. प्रत्येक रोपाभोवतीचं हातभर गवत आणि टेकडीभोवतीचा एक पट्टा काढला नाही, तर ती रोपं मार्च बघणार नाहीत.

कायदा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ आणि ३३ नुसार राखीव आणि संरक्षित वनात आग लावणं गुन्हा आहे, कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे, आणि अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे. पण काडी लावताना कुणी पाहिलेलं नसतं, आणि नुसत्या धाकाचा एक उलटा परिणामही होतो. शेतातली आग डोंगरात गेली की माणूस मदतीला हाक मारायच्या ऐवजी पळून जातो. पहिल्या दहा मिनिटांत चार माणसं विझवू शकली असती अशी आग मग रात्रभर चालते. राब भाजायच्या आधी वनरक्षकाला कळवणाऱ्याला मदत मिळेल आणि लपवणाऱ्याला दंड होईल, असा भेद गावात दिसला पाहिजे.

आग दिसली तर

महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. फोनवर 'डोंगर पेटलाय' एवढंच सांगू नका. जवळच्या गावाचं नाव, डोंगराची कुठली बाजू, आग वर चढतेय की खाली उतरतेय, वारा कुठून येतोय, जवळ वस्ती, बाग किंवा गोठा आहे का, आणि गाडी कुठपर्यंत जाते, हे सांगा. मोबाइलवरून ठिकाण पाठवता आलं तर उत्तम. त्यानंतर गावच्या सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला फोन करा, कारण वनरक्षक पोचेपर्यंत तासभर जाऊ शकतो आणि डहाळ्या घेऊन आधी पोचणार ती गावातलीच माणसं असतात.